राखून ठेवलेले पेशंट

डॉक्टरीणबाईंनी सात वर्षांत एकही रजा स्वतःसाठी खर्चली नव्हती. तीन आठवडे साठवायचे, दोन पेट्या टाक्यांच्या दोऱ्यांनी भरायच्या आणि समुद्रापलीकडच्या गरीब मुलखातलं हे साठ खाटांचं इस्पितळ गाठायचं, हा त्यांचा नेम. पगार नाही, मानधन नाही.

यंदाही त्या आल्या, हातपाय धुऊन बसल्या, तोच थोरल्या सिस्टरांनी वही पुढे केली. एक्केचाळीस नावं, सगळी हर्नियाची.

"एवढे एकदम?"

"एकदम कसे? सहा महिने जमवतेय. एकालाही इकडेतिकडे जाऊ दिलं नाही. तुमच्यासाठी राखून ठेवलेत."

पाहुण्यासाठी घरातला चांगला पेला जपून ठेवावा, तशा मायेनं सिस्टरांनी माणसं जपली होती. बाईंचं बोट एका नावावर थांबलं. त्यावर तांबडी रेघ होती.

"हा बरा झाला?"

"गेला. मागच्या सोमवारी. आतडं अडकलं. धाकटे डॉक्टर म्हणाले, आत्ताच ऑपरेशन करू. पण त्याची बायको ऐकेना. म्हणाली, चार दिवसांत बाई येताहेत, त्यांचाच हात लागू दे."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

सिस्टरांनी चष्मा काढून उगाच पुसला. "मीही म्हटलं, थांबा."

कुणीतरी पाण्याचा पेला पुढे केला, तो बाईंना दिसलाच नाही. जो माणूस त्यांनी कधी पाहिलाही नव्हता, तो त्यांचीच वाट पाहत मेला होता.

धाकटे डॉक्टर दाराशी उभे होते. सात वर्षं तेच बाईंच्या समोर उभे राहून मदत करत आले होते. टाका त्यांचाही तितकाच बारीक.

"तुम्ही अडून का बसला नाहीत?"

"पिकतं तिथे विकत नाही, बाई. इथल्या लोकांनी मला शेंबडा पाहिलाय. खोकल्याखरजेपुरताच मी डॉक्टर."

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला पेशंट, एक गवंडी, टेबलावर चढला. बाई पलीकडे, मदतनिसाच्या जागी जाऊन उभ्या राहिल्या. "हे करतील," त्या धाकट्या डॉक्टरांकडे बोट करून म्हणाल्या.

गवंडी उठून बसला. "मग मी पाच महिने कुणासाठी थांबलो? मला घाई नाही. पुढच्या वर्षी येतो." तो पायानं चपला चाचपू लागला.

बाईंनी त्याला हातानं थांबवलं. "पुढच्या वर्षी मी येणार नाही. माझी वाट बघू नका."

सिस्टरांच्या हातातला ट्रे कलला आणि हत्यारं खणखणत फरशीवर पडली. ती उचलायला कुणी वाकलं नाही.

गवंड्यानं पाय वर घेतले. मग धाकट्या डॉक्टरांकडे वळला. "हात दाखवा बघू."

डॉक्टरांनी दोन्ही हात पुढे धरले. नवा कारागीर कामावर घेताना बघावेत तसे गवंड्यानं ते उलटसुलट करून पाहिले.

"बरं, करा," तो म्हणाला आणि आडवा झाला.