वायर नसलेलं बाळ

कर्नाळ्याच्या पायथ्याच्या वाडीतली मंगळी भित्री म्हणून कधीच कुणाला माहीत नव्हती. नवरा शुक्रा आणि ती उलव्याला बांधकामावर जायची. विटा डोक्यावर घेऊन ती चार-चार मजले चढायची, आणि पायात विंचू आला तर चपलेनं चेचून पुढं चालायची. पण सातवा महिना लागायच्या आधीच, भर दुपारी, तिला कळा सुरू झाल्या. मुकादमाच्या टेम्पोतून पनवेलच्या दवाखान्यात पोचेपर्यंत तिची शुद्ध गेली होती. मुलगी झाली. वजन नऊशे ग्रॅम.

तिसऱ्या दिवशी तिला बाळाकडं नेलं. ओळीनं काचेच्या पेट्या होत्या. लेक कोपरापासून बोटांपर्यंतही भरली नसती. कातडीतून निळ्या शिरा दिसत होत्या. नाकात बारीक नळी, पायाला कापडी पट्टी. बस्स. शेजारच्या बाळांच्या छातीवर चिकटपट्ट्या होत्या, वायरी होत्या. हिची छाती उघडी, आणि तिच्यावर सालटं निघाल्यासारखे दोन लाल डाग.

बांधकामावर मशीन मोडीत काढायची ठरली, की आधी तिच्या वायरी काढतात. म्हणजे हिला यांनी सोडून दिली!

विचारायची छाती झाली नाही. स्टुलावर बसून ती बाळाचं पोट बघत राहिली. वर, खाली. वर, खाली. आणि मग ते वर आलंच नाही. मंगळी स्टुलावरून ताडकन उठली. तेवढ्यात पेटीशेजारची मशीन किंचाळली. अंकिता सिस्टर धावत आली, तिनं पेटीत हात घालून बाळाच्या तळव्यावर टिचकी मारली. एकदा. दोनदा. पोट हललं.

"तुमी सोडली ना तिला?" मंगळी रडत म्हणाली. "वायरी काढल्या..."

अंकितानं डॉक्टर माधुरींना बोलावलं. डॉक्टरांनी बाळाखालच्या गादीचा कोपरा उचलून खालची चपटी पट्टी दाखवली. "चिकटपट्टी काढताना हिची कातडी निघत होती, मंगळी. म्हणून हे. पोट हललं की गादीतून याला कळतं. थांबलं की हे ओरडतं. आत्ता यानंच बोलावलं आम्हाला. नवीन आहे, अजून आम्ही तपासून बघतोय. शुक्रानं कागदावर अंगठा दिलाय."

मंगळी मागं उभ्या असलेल्या नवऱ्याकडं वळली. "माज्या लेकीवर नवी मशीन लावली आन् मला इचारलं नाय?"

"तू शुद्धीत कुटं व्हतीस?" शुक्रा म्हणाला. "चमडी निगताना बगवली नाय मला."

"तुला नको असेल तर आज काढते," डॉक्टर म्हणाल्या. "जुनं लावते."

जुनं लावावं तर कातडी जाणार, नवं ठेवावं तर कुणाच्या भरवशावर? तिनं पेटीत हात घातला. मग तिनं गादीवर, बाळाच्या पायापाशी, एक बोट हलकेच दाबलं. शेजारच्या मशीनच्या पडद्यावरची रेघ उसळली.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली.

भीती मात्र गेली नाही. उलट आता ती मशीनच्या त्या आवाजाची वाट बघू लागली. दिवसातून पाच-सहादा तो व्हायचा. दर वेळी टिचकी, दर वेळी पोट पुन्हा हलेपर्यंतचा तो एक क्षण.

तिसऱ्या आठवड्यात, आईची ऊब मिळावी म्हणून, बाळाला तिच्या उघड्या छातीवर ठेवलं. "आता गादीखालच्या पट्टीचा उपयोग नाही," अंकितानं सांगितलं. "पायाची पट्टी आहे, पण ती रक्तातला ऑक्सिजन मोजते, म्हणून जरा उशिरा सांगते. हनुवटी खाली जाऊ द्यायची नाही. लक्ष ठेव."

दहा मिनिटं झाली असतील. छातीवरची ती इवलीशी धडपड एकदम थांबली. कुठलीच मशीन वाजली नाही. मंगळीनं खाली पाहिलं. मान झुकली होती. शिकवलं तशी तिनं हनुवटी वर केली, पाठ चोळली. "ये गं बाय, ये." बाळानं आचका दिला आणि श्वास घेतला. पायाची पट्टी मागाहून वाजली.

"मशीनच्या आधी कळलं तुला!" धावत आलेली अंकिता म्हणाली.

मंगळीनं हनुवटीखालचं बोट काढलं नाही. "आनी नसतं कळलं तर?"

अंकिता तिच्याशेजारी बसून राहिली.

अडीच महिन्यांनी, पावणेदोन किलोची लेक घेऊन घरी जायची वेळ आली. गेल्या आठ दिवसांत श्वास एकदाही थांबला नव्हता. तरी मंगळीनं गादीखालची ती पट्टी घरी मागितली. "आता तिची गरज नाही," डॉक्टर म्हणाल्या. त्या दिवशी मंगळी सगळ्यात जास्त घाबरली.

वाडीत तिनं तीन महिने लेकीच्या पोटावरचा हात काढला नाही. मग एका सकाळी जाऊ गोदूनं तिला जवळजवळ ढकललंच: "जा, पानी आन. मी हाय ना." मंगळी हातपंपावर गेली. हंडा अर्धा भरला आणि तिचा धीर सुटला. ती धावत परत आली. झोपडीबाहेरूनच तिला लेकीचा आवाज ऐकू आला. गोदू अंगाला तेल लावत होती आणि पोर संतापानं, न थांबता, वाडी डोक्यावर घेत होती.

मंगळी दारातच बसली. लेकीचं रडणं पुरतं थांबेपर्यंत ऐकत राहिली. मग आत न जाताच पंपावर राहिलेला हंडा आणायला उठली.