पूजेला मांडलेला राउटर

आमचे हे, म्हणजे विद्याधर, इथे कन्नड मुलखात, येलहंक्याच्या घरात कुठलीही वस्तू दुसऱ्या कुणाला उघडू देत नाहीत. सरकारी कारखान्यात जन्मभर इंजिनिअर होते. मिक्सर असो नाहीतर गिझर, पाना-पक्कड ह्यांच्याच हातात. सून स्मृती इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या कंपनीत आहे, पण बहुतेक दिवस मागच्या खोलीतून काम करते. इंटरनेटवाल्यांच्या मोडेमचं वायफाय तिथवर पोचेना, म्हणून ह्यांनी स्वतःचा राउटर आणला. मोडेममधलं वायफाय बंद केलं, त्यातून एक वायर राउटरला दिली, आणि सगळं घर त्यावर चालू लागलं. आल्यागेल्याला दाखवायचे. मलाही कौतुक होतंच.

खंडेनवमीला ह्यांनी पाना, पक्कड, ड्रिल धुऊनपुसून पाटावर मांडलं आणि मोडेम-राउटरकडे वळले. त्या दिवशी अवजारांना विसावा द्यायचा, हा ह्यांच्या वडिलांपासूनचा नेम. स्मृती म्हणाली, "बाबा, ते दोन राहू द्या ना. चार वाजता माझं प्रेझेंटेशन आहे."

परदेशातल्या साहेबांपुढे तिला वर्षभराचं काम मांडायचं होतं. नवी टीम तिच्या हाताखाली द्यायची की नाही, ते त्यावर ठरणार होतं.

हे हसले. "अगं, दोन वायरी तर आहेत. तुझं जेवण होईतो परत लावतो."

पूजा झाली. गंध-फूल वाहिलं, आरती केली. दुपारी ह्यांनी सगळं परत जोडलं. दिवे लागले, तेवढ्यावर समाधान मानून पेपर घेऊन बसले. चार वाजता स्मृतीकडे नेटच नाही. हे जागेवरूनच म्हणाले, तुमचे ऑफिसचे लॅपटॉपच तसले, तूच काहीतरी बिघडवलं असशील. तिनं परत विचारलं तर आवाज चढला. मोबाइलची रेंज आमच्याकडे गॅलरीपुरती. शेवटी ती लॅपटॉप छातीशी धरून खालच्या मजल्यावरच्या शेजारीण धनलक्ष्मी अक्कांकडे नेटसाठी धावली.

मग हे उठले. मोडेमकडून येणाऱ्या वायरीला राउटरवर वेगळं भोक असतं. ती शेजारच्यात खोचलेली होती. मी बाजूलाच उभी होते. ह्यांनी ती काढून नीट लावली, आणि नेट आलं.

"तिला सांगू नकोस," हे हळूच म्हणाले. "आपोआप आलं म्हणू."

हे मला खोटं बोलायला सांगतील असं कधी वाटलं नव्हतं. समोर देव, उदबत्तीचा वास अजून घरात. मी म्हटलं, "मी काही म्हणणार नाही. काय ते तुम्हीच बोला."

स्मृती वर आली. साहेबांनी तिच्या जागी दुसऱ्याला बोलायला दिलं होतं, तिला शेवटी थोडा वेळ दिला. टीम बहुतेक त्यालाच जाईल म्हणाली. मग ह्यांच्याकडे बघून म्हणाली, "माझ्याच लॅपटॉपचं काहीतरी असेल, बाबा."

ह्यांचा चेहरा उतरला. "नाही. वायर मी चुकीची लावली होती. तुझ्यावर उगाच ओरडलो."

"सरी, बाबा," इथल्या कन्नडात 'बरं', इतकंच बोलून ती आत गेली आणि दार लोटून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दसरा. सोनं म्हणून इथे शमीची पानं देतात. ती ह्यांच्या हातात ठेवून स्मृती नमस्काराला वाकली, तर ह्यांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

"आज नको गं," म्हणाले.

ती तशीच वाकून राहिली. मला बघवेना, मी स्वयंपाकघरात निघून गेले.