आता एक खोट दावतो

पाहुणा म्हणून कुणाच्याही घरी गेल्यावर, 'बसा' म्हणायच्या आत भिंतीवर बोटानं टकटक करून पाहणारा माणूस आख्ख्या पुणे जिल्ह्यात एकच होता, आणि ते म्हणजे माझे मामा. लग्नघर असो की दुखवट्याचं घर, मामांच्या टकटकीतून भिंत सुटली नाही. माझ्यासाठी मुलगी पाहायला बारामतीत गेलो होतो, तेव्हा पोहे यायच्या आधी मामा बैठकीतून नाहीसे झाले. सगळे घाबरले. पाहतात तर हे न्हाणीघरात, मोरीत बादलीभर पाणी ओतून ते किती वेळात वाहून जातं हे घड्याळ लावून मोजतायत. बाहेर आले ते प्रसन्न चेहऱ्यानं आणि माझ्या कानाशी लागून म्हणाले, "पसंत कर. पानी झटक्यात जातंय." माझ्या बायकोला मी तिच्या मोरीवरून पसंत केलं असं ती आजही चार माणसांत सांगते, आणि ते फारसं खोटं नाही.

मामा वालचंदनगरला कारखान्याच्या रंगकामात होते. तीस वर्षं ते आणि मामी क्वार्टरमध्ये राहिले. सोडताना क्वार्टर जशी घेतली तशी परत करायची, हे मामांनी पहिल्या दिवशी इतकं मनावर घेतलं की तीस वर्षांत त्यांनी त्या भिंतीत एक खिळा ठोकला नाही. माझ्या आजोबांनी धर्मांतराच्या वर्षी आणलेली बुद्धांची तसबीर होती. आजोबांच्या पश्चात ती मामांकडे आली आणि तीस वर्षं टेबलावर भिंतीला टेकून उभी राहिली. रिटायर झाल्यावर मामांनी इंदापूरला गावाच्या कडेला चार खोल्या बांधल्या. रंग लागला नव्हता, दारं बसली नव्हती, तरी मामांनी आधी बाहेरच्या खोलीत एक खिळा ठोकला. मामी खाली तसबीर धरून उभी होती. एवढासा खिळा ठोकायला मामांना अर्धा तास लागला, कारण मध्येच ते स्टुलावर बसून रडले. मामी म्हणाली, "आता ठोका की. माजं हात भरून आलं."

त्या खिळ्यानंतर मामांना घरांचं वेडच लागलं. नव्वदच्या आसपास बारामतीत कारखानदारी वाढायला लागली होती, कुणी मुलाकडे पुण्याला चाललं होतं, कुणाला नव्या कॉलनीत बंगला हवा होता, आणि जो तो राहतं घर विकायला काढत होता. अशा घराची बातमी लागली की मामा बोलावण्याची वाट पाहत नसत. मोपेडवर पुढे चुन्याची बादली, मागे मामी, आणि मामीच्या मांडीवर लोखंडी कढई. मामा घर डागडुजी करून लख्ख करायचे, आणि गिऱ्हाईक कोपऱ्यावर दिसलं की आत मामी लसणाची फोडणी टाकायची. मामांचं ठाम मत होतं की माणूस घर डोळ्यानं बघतो पण घेतो नाकानं. घरमालकिणीला मामा फोडणी टाकू देत नसत. तिचा हात घर सुटायच्या दुःखानं चुकतो म्हणायचे. एकदा भिगवणकडचं एक गिऱ्हाईक नवरा-बायको-सासू असं यायचं होतं आणि मामी तापानं पडलेली, म्हणून मामांनी स्वतः फोडणी टाकली. लसूण मूठभर, वर लाल मिरच्या सात-आठ. गिऱ्हाईक उंबऱ्यातच ठसकायला लागलं, सासूबाईंना धाप लागली, आणि मंडळी जी गेली ती परत आली नाहीत. तेव्हापासून फोडणीचं खातं कायमचं मामीकडे गेलं.

पैसे मामा घेत नसत. उरलेला रंग तेवढा घरी न्यायचे. त्यामुळे त्यांच्या स्वतःच्या घराचं स्वयंपाकघर बावड्याच्या एका घरातून उरलेल्या पिस्ता रंगाचं, आतली खोली बारामतीच्या एका वकिलाच्या गुलाबी रंगाची, आणि संडासाचं दार कुठल्याशा पतपेढीच्या निळ्या रंगाचं. लोणी भापकरला एका गुरुजींचं घर दाखवायचं होतं. दारातली म्हैस हलवा असं सगळे म्हणत होते. मामा म्हणाले, राहू द्या, म्हशीनं घराला वजन येतं. त्यांनी म्हशीला घासून धुतलं, शिंगांना तेल लावलं. गिऱ्हाइकानं सगळं घर पाहिलं आणि शेवटी विचारलं, घराचं बघू पुढं, पण म्हैस देता का? मामांना ती गोष्ट इतकी लागली की त्या बाजूच्या रस्त्यानं ते वर्षभर गेले नाहीत.

मामांचे दोन नियम मात्र कुणासाठी बदलत नसत. पहिला नियम, भिंतीवर माणसं ठेवायची नाहीत. देवाचं कॅलेंडर, लग्नाचे फोटो, हार घातलेले वाडवडील, सगळे खाली. गिऱ्हाइकाला त्या भिंतीवर स्वतःची माणसं दिसली पाहिजेत, असं ते म्हणायचे. बावड्याला एका दुकानदाराच्या घरातले चार पिढ्यांचे पूर्वज त्यांनी उतरवून मागच्या खोलीत कणगीवर ठेवले. घर दाखवून होईपर्यंत त्या घरची म्हातारी मागच्या खोलीत त्या फोटोंशेजारी बसून राहिली. मामांनी तिला खुर्ची नेऊन दिली, तीही तिनं घेतली नाही. हा प्रसंग मामा हसत सांगायचे. मीही हसायचो.

दुसरा नियम ऐकून घरमालकांना घाम फुटायचा. सगळं घर दाखवून झालं, गिऱ्हाईक खूश झालं, चहा आला, की मामा पंचानं हात पुसत उभे राहायचे आणि म्हणायचे, "आता एक खोट दावतो." आणि खरोखर दाखवायचे. ज्या वकिलाचा तो गुलाबी रंग, त्याच्या घरात पावसाळ्यात माळ्याखाली गळायचं. मामांनी गिऱ्हाइकाला नेमकी जागा दाखवली, तिथं ठेवायचं पातेलंसुद्धा आणून दाखवलं आणि हे घरासोबत मिळेल म्हणून सांगून टाकलं. वकिलानं कपाळावर हात मारून घेतला. पण ते घर त्याच दिवशी ठरलं. मामांचं म्हणणं असं की लपवलेली खोट गिऱ्हाईक राहायला आलं की तोंड उघडते, त्यापेक्षा आपण दाखवलेली खोट गप बसते. पुढं पुढं बारामतीपासून इंदापुरापर्यंत लोक मामांना खोट दाखवणारे मामा म्हणूनच ओळखायला लागले.

मग मामीला लकवा मारला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. त्यांची मुलगी पुण्यात नर्स आहे, ती आईला घेऊन गेली, कारण रोजचा व्यायाम आणि उपचार तिथंच होण्यासारखे होते. पण मुलीचं घर दीड खोलीचं. इंदापूरचं घर विकायचं, मुलीच्या जवळपास एखादी खोली घ्यायची आणि मामांनी तिथं मामीजवळ राहायचं, असं ठरलं. तोवर मामा इंदापुरात आणि मामी पुण्यात. दर शनिवारी मामा एस.टी.नं जाऊन येत. एरवी रात्रीचं जेवण सोडून सगळं व्यवस्थित चाललंय, असं सांगत.

दुसऱ्यांची एवढी घरं विकून देणाऱ्या माणसाला स्वतःचं घर विकणं म्हणजे हातचा मळ, असं मला वाटलं होतं. गिऱ्हाइकं यायची. विहिरीचं पाणी, अंगणातला शेवगा, खेळती हवा, सगळं त्यांना आवडायचं. मग ती बाहेरच्या खोलीत टेकायची, समोरच्या भिंतीकडे त्यांची नजर जायची, आणि बोलणं एकदम मुहूर्तावर, भावाला विचारण्यावर, पुढच्या महिन्यावर जायचं. समोर ठेवलेलं पाणी तसंच राहायचं. तिसरं गिऱ्हाईक गेल्यावर मी भरलेले पेले उचलून आत नेले, तेव्हा मामा तिथंच बसले होते. पेल्यांकडे पाहत होते.

आणि मग मी ते बोललो. मी बारामतीच्या शाळेत मुलांना समतेचे धडे शिकवतो आणि त्याचा पगार घेतो, हे इथं सांगितलं पाहिजे. मी म्हणालो, "मामा, नियम तुमचाच आहे. भिंतीवर माणसं ठेवायची नाहीत." मामीची दशा मला बघवत नव्हती, हे खरं आहे. पण बोलताना मी भिंतीकडे पाहत नव्हतो, हेही खरं आहे. मामांनी उठून तसबिरीवरची धूळ पंचानं पुसली. मग म्हणाले, "व्हय. नियम माजाच हाय."

पुढच्या रविवारी त्यांनी तसबीर उतरवली, मामीच्या हिरव्या लुगड्यात गुंडाळली आणि पेटीत ठेवली. खिळा उपटायला मी सुचवलं, त्यावर त्यांनी ऐकू न आल्यासारखं केलं. मोरी कधीकधी तुंबते, तीच खोट आज दाखवू, असं त्यांनी मला सकाळीच सांगून ठेवलं होतं. दहा वाजता बावड्याकडचे एक बागायतदार आणि त्यांची बायको आली. मुलांच्या शाळेसाठी त्यांना इंदापुरात घर हवं होतं. फार भली माणसं. बाईंना पिस्ता स्वयंपाकघर इतकं आवडलं की फळ्या कुठं मारायच्या हे तिथंच ठरलं. दोघं पाणी प्यायली. ऊन फार आहे म्हणून बाईंनी आणखी एक पेला मागून घेतला. बागायतदार म्हणाले, बेस्तरवारी इसार घेऊन येतो. मी मनातल्या मनात मामांना पुण्याच्या गाडीत बसवलं.

मग बागायतदार हसून म्हणाले, "मामा, तुमची एक गोष्ट ऐकलीया. समदं दावून झालं की तुमी सोताहून खोट दावता म्हनं. ती राहिली की."

मामा पंचानं हात पुसत उभे राहिले. मी मोरीच्या दिशेनं खुणावलं. मामांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते आत गेले. पेटीचं झाकण वाजलं. लुगड्याची गुंडाळी घेऊन ते बाहेर आले, सावकाश सोडली, आणि स्टूल न घेता टाचा उंचावून तसबीर खिळ्याला अडकवली. ती सरळ आहे ना, हे दोन पावलं मागं येऊन पाहिलं.

"ही खोट न्हाय," मामा म्हणाले. "पर तुमाला वाटंल. म्हनून आदी दावली."

बागायतदार घाईघाईनं म्हणाले, तसं काही नाही, आम्ही तसलं काही मानत नाही. बाईंनी हातातला रिकामा पेला एकदा पाहिला आणि खाली ठेवला. मामांनी दोघांना फाटकापर्यंत पोचवलं, सावलीतून जा म्हणून रस्ता सांगितला. गुरुवारी कुणी आलं नाही. त्याच्या पुढच्याही गुरुवारी आलं नाही.

त्याच रविवारी संध्याकाळी मामांनी एस.टी.डी. बूथवरून पुण्याला फोन लावला आणि मामीला सगळं सांगितलं. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. पलीकडून मामी जड जिभेनं काहीतरी बोलली. मामांनी तिला दोनदा परत बोलायला लावलं, मग फोन ठेवून मला सांगितलं, "ती इचारती, तसबीर परत लावली न्हवं? मंग झालं, म्हनती."

मामी दिवाळीच्या आधी गेली, मंगळवारी. मामांची पाळी शनिवारची होती. निरोप मिळून ते पोचले तेव्हा तिला बाहेर घेतलं होतं. सगळं आटोपल्यावर मुलीनं फार आग्रह केला, पण मामा इंदापूरला परतले. घर विकायचं त्यांनी सोडून दिलं, आणि दुसऱ्यांची घरं दाखवायचंही. मी त्या दिवशी ते बोललो नसतो तर काय झालं असतं? कदाचित काहीच वेगळं झालं नसतं. पण माझं ते वाक्य मला अजून ऐकू येतं.

वर्षभरानं मी त्यांना भेटायला गेलो. भिंतीवर आता दुसरा खिळा होता आणि त्यावर मामी. मी बसायच्या आत मामा म्हणाले, चल, घर दावतो. माझ्या पायाखालचं घर त्यांनी मला नव्यानं दाखवलं: विहीर, शेवगा, गुलाबी खोली, पतपेढीचं दार. मी गिऱ्हाइकासारखा प्रत्येक ठिकाणी मान डोलवली, हवेची चौकशी केली. शेवटी पंचानं हात पुसत ते स्वयंपाकघराच्या दारात थांबले आणि म्हणाले, "आता एक खोट दावतो."

आत सगळं लख्ख होतं. ओटा पुसलेला, फळीवर मामीची कढई पालथी. मामा दाराच्या आत आले नाहीत.

"हितं वास येत न्हाय," ते म्हणाले. "बाकी घर चांगलं हाय."

मी आत गेलो, कढई उतरवली, स्टोव्ह पेटवला. लसूण सापडला, मोहरी सापडली. हाताला येईल तेवढं तेलात टाकलं. धूर झाला, मी ठसकायला लागलो, मामाही ठसकायला लागले. डोळे पुसत ते आत आले आणि कढईत डोकावून म्हणाले, लसूण जास्त झाला, गिऱ्हाईक पळालं असतं. मग धूर जावा म्हणून ते खिडकीपाशी गेले आणि कडीवर हात ठेवून उभे राहिले. खूप वेळ तसेच उभे होते. खिडकी त्यांनी उघडली नाही.