सुभेदारीणबाईंचं काचघर

सुभेदारीणबाई माणसं पायरवावरून ओळखायच्या. परसाच्या कुंपणापलीकडून कोणी गेलं की चुलीपुढूनच म्हणायच्या, "तेलीण गेली. आज लंगडतीया." बघितलेलं काहीच नसायचं. त्या घरात बायकांना गोशा होता. पडद्याच्या गाडीतून माहेरी जाणं सोडलं तर लग्नानंतर त्यांनी घराबाहेर पाऊल टाकलं नव्हतं.

मी साताऱ्याच्या मुलींच्या शाळेत मास्तरीण होते आणि त्यांच्याच ओसरीवरच्या खोलीत भाड्याने राहत होते. शाळेतून आले की बाईंचा प्रश्न तयार, "बाई, वाटंला काय काय बगितलंसा?" मी आपली कडब्याची गाडी, कोणाचं भांडण असं काहीबाही सांगायचे. "आन् आभाळ?" त्या विचारायच्या. आता आभाळाचं काय सांगणार, कपाळ!

बाईंचे यजमान पलटणीत सुभेदार होते. लढाई संपली आणि ते घरी आले ते गाडीभर पेट्या घेऊन. त्यांच्या पलटणीतल्या गोऱ्या साहेबाने आपल्या बंगल्याला जोडायला विलायतेहून काचेचं घर मागवलं होतं, सगळं सुटं. पेट्या फोडायच्या आधीच साहेब मायदेशी निघाला आणि पेट्या सुभेदारांना देऊन गेला. "ह्यात बसून ऊन खा, झाडं लाव," सुभेदार बायकोला म्हणाले. माणूस वाईट नव्हता. लढाईवर जायची छाती होती, घराण्याची रीत मोडायची नव्हती, एवढंच.

आखणी बाईंनी केली, मागच्या पडवीत रांगोळीने. सांगाड्याला दोन दारं होती, एक घरात उघडणारं आणि एक परसात. परसातल्या दारापाशी त्यांनी रेघ मोकळी सोडली. "ह्ये दार आदी नीट बसवा. बाकीचं वाकडं झालं तरी चालंल." सुभेदार नुसतं 'हं' म्हणाले.

इंग्रजी सूचना मी वाचायचे. नटबोल्टांची नावं आली की माझं घोडं पेंड खायचं. सुभेदारांनी लोखंडी पट्ट्या नंबरवार पडवीत मांडल्या होत्या आणि एखादी सापडली नाही की ते ओरडत, "सतरा नंबर, कुटं मेलास रं?" काचा पक्क्या करायची लांबी बाई मळायच्या. खडूची पूड आणि जवसाचं तेल. कोपरापर्यंत हात पांढरे. मी त्यांना इतकं हसताना आधी कधी पाहिलं नव्हतं.

मागच्या पडवीला लागून परसात घर उभं राहिलं. बाई पहिल्यांदा आत बसल्या आणि मान वर करून बसूनच राहिल्या. दुसऱ्या दिवशी कुंपणाशी ही गर्दी! काचेतून आतला माणूस बाहेरच्याला दिसतो, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. सुभेदारांनी बादलीभर चुना कालवून सगळ्या काचांना फासला, छतालासुद्धा. परसातल्या दाराला स्क्रू मारून टाकले. "उनानं झाडं करपत्यात," म्हणाले. झाडं तर अजून लावायची होती.

"आदी चार भित्ती हुत्या, बाई," त्या मला म्हणाल्या. "आता ही पाचवी. ती बी म्याच मळून बसवली."

मला सुभेदारांचा फार राग आला. पण भाडेकरणीने बोलायचं किती? झाडं मात्र त्या पांढऱ्या सावलीत माजली. बाई त्यांना पाणी घालताना म्हणायच्या, "वाडा बाबांनो, वाडा. जायचं कुटं हाय?"

पुढे माझी सांगलीला बदली झाली. निघायच्या सकाळी टांगा मागच्या वाटेवर उभा होता. बाई माझ्यासमोर नवऱ्याला म्हणाल्या, "आवं, त्या दाराचं स्क्रू काडा. बाईंला टांग्यापातूर घालवाय जायाचं हाय मला."

"लोक बगतील."

"काचंचं घर तुमीच आणलंसा न्हवं? बगू द्या की."

 सुभेदार उठले, आपल्या हाताने स्क्रू काढले आणि दार उघडून बाहेर बाजूला झाले. "जा," ते हळूच म्हणाले.

माझ्या हातावर घालायला दह्याची वाटी घेऊन बाई दारात आल्या. पदर पुढे ओढला. एक पाऊल उचललं आणि होतं तिथेच परत टेकवलं. मी बाहेरून हात पुढे केला. 

"पाय उचलंना, बाई," त्या म्हणाल्या.

"ये की गं," सुभेदार म्हणाले. त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता.

बाईंनी नकाराची मान हलवली. शेवटी मीच आत गेले, हातावर दही घेतलं, आणि मला रडू आवरेना. "जावा आता, उशीर व्हतोय," म्हणत त्या कुंड्यांमध्ये जाऊन बसल्या.

टांगा वळेपर्यंत मी मागे बघत होते. सुभेदार दार धरून तसेच उभे होते.