दोन नंबरचा गर्डर

फौजेच्या इंजिनिअर रेजिमेंटमधून मी हवालदार म्हणून पेन्शनवर आलो. नोकरीतली बरीच वर्षं पहाडात नाल्यांवर लोखंडी पूल टाकण्यात गेली. बिराप्पा माझ्या सेक्शनमध्ये नाईक होता, माझ्याहून एक हुद्दा खाली. मंगळवेढ्याकडचा, मेंढपाळाच्या घरातला. पूल टाकताना आमच्यात एकच माणूस बोलतो, ब्रिज कमांडर. तो ऑर्डर देतो. ज्याला दिली तो ती मोठ्याने परत म्हणतो आणि कामाला लागतो. मध्ये कोणी शंका काढत नाही, कारण कमांडर सगळीकडे बघूनच बोललेला असतो. ही सवय बिराप्पाच्या हाडात मुरली होती.

सोलापुरात परतल्यावर मी आधी दुसऱ्यांच्या क्रेनवर राबलो, मग स्वतःची टोळी उभी केली. पुलाचे गर्डर खांबांवर चढवून बसवायची कामं घेऊ लागलो. लोक मला भांडखोर म्हणतात. म्हणोत. मी घासाघीस करतो, आवाज चढवतो, पण घेतलेलं काम अर्धं टाकत नाही. बिराप्पा पेन्शनवर आला आणि मी त्याला लगेच बोलावून घेतलं.

होटगीच्या बाजूला महामार्गाच्या पुलाचं काम मिळालं. फौजेबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. हल्लीचा गर्डर म्हणजे काँक्रीटची लांबलचक तुळई, वर रुंद, पोटात बारीक, आतून पोलादी तारांनी ताणलेली. असे बरेच गर्डर शेजारी शेजारी बसतात. मग डायफ्राम, म्हणजे आडव्या भिंती ओतून ते एकमेकांना जोडतात, वर स्लॅब टाकतात आणि सगळे मिळून ट्रकचं ओझं झेलतात. पण डायफ्राम होईपर्यंत प्रत्येक गर्डर बेअरिंगवर, म्हणजे रबराच्या जाड गादीवर, सुटा उभा असतो. म्हणून पुण्याहून आलेल्या डिझाइनच्या मॅडमनी आम्हाला बजावलं होतं, दोन्ही टोकांना दोन्ही बाजूंनी लोखंडी टेकू द्यायचे आणि डायफ्राम होईपर्यंत हलवायचे नाहीत. डिझाइनमध्ये काही खोट नव्हती, हे मी आजही सांगतो.

बिराप्पा पहिल्या दिवशी गर्डरभोवती एक फेरी मारून आला.

"उस्ताद, आमच्या मेंढराला चार पाय, तरी वारं सुटलं की कळपाला चिटकून ऱ्हातंय. ह्यो पैलवान तर एकाच पायावर की."

मी कंपनीच्या साइट इंचार्जकडे दोन गोष्टी मागितल्या. प्रत्येक गर्डरला स्वतंत्र टेकू, आणि वॉकीटॉकीवर ऑर्डर फक्त माझी. टेबलावर हात आपटून भांडलो. टेकू दोनच गर्डरांपुरते आले. बाकीचे पुढच्या आठवड्यात येतील म्हणाला. ऑर्डरसुद्धा त्याचीच राहील, असं त्याने ऐकवलं. मी त्याच्या केबिनमधून शिव्या घालत बाहेर पडलो. बिराप्पा हसून म्हणाला, "चिडू नगा उस्ताद. कमांडर कुणीबी असू दे, हात आपलंच हायती."

त्या दिवशी एक आणि दोन नंबरचे गर्डर जागेवर बसलेले होते. बाकीचे टेकू येईपर्यंत तिसरा बसवायचा नव्हताच. पण क्रेन दुसऱ्या साइटला पाठवायची होती, म्हणून सकाळी अकराच्या सुमारास इंचार्जने तिसरा उचलायला लावला. मी पलीकडच्या टोकाला खाली, क्रेनजवळ. बिराप्पा अलीकडच्या खांबाच्या माथ्यावर, पडू नये म्हणून कमरेचा पट्टा एका सळईला बांधून. तिसरा गर्डर हवेत होता आणि खांबांवर टेकवायचा तर त्याला टेकू नव्हते. तेव्हा वॉकीटॉकीवर इंचार्जचा आवाज आला.

"दोन नंबरचे टेकू काढा. तीनला लावा."

बिराप्पाने ऑर्डर परत म्हटली. "दोन नंबरचे टेकू काढतो, तीनला लावतो. रॉजर, सर."

मी बटण दाबून रुको, रुको ओरडलो. पण चॅनेलवर एक जण बोलत असला की दुसऱ्याचा आवाज जात नाही. इंचार्ज क्रेनवाल्याला सूचना देतच होता. मी वॉकीटॉकी फेकून पळत सुटलो, हात हलवत. बिराप्पा पाठमोरा होता. टेकू त्याने नीट काढून बाजूला ठेवले, फौजेत ठेवतात तसे ओळीत.

तिसरा गर्डर वाऱ्याने जरासा फिरला आणि दोन नंबरला टेकला. धडक म्हणावी असंही ते नव्हतं. एवढं वजन निदान करकरेल, थोडा वेळ देईल, असं कुणालाही वाटेल. दोन नंबरने वेळ दिला नाही. झोप लागलेला माणूस कलंडावा तसा तो आडवा झाला आणि गेला. बिराप्पाचा पट्टा ज्या सळईला होता, ती सळई त्याच गर्डरची होती. गर्डर त्याला घेऊनच खाली गेला.

धूळ बसल्यावर मी वर बघत राहिलो. एक नंबर जागेवर होता, तिसरा क्रेनला लटकत होता. मधल्या रिकाम्या जागेतून आभाळ दिसत होतं. मला ते कळेचना. माझ्या टोळीतल्या पोरांनी मला धरून खाली बसवलं.

संध्याकाळी सिव्हिल हॉस्पिटलच्या आवारातच मला कळलं की कंपनीने कळवून टाकलंय: कामगाराने स्वतःच्या मनाने टेकू काढले. बिराप्पाचा देह अजून आत होता. इंचार्ज माझ्याजवळ आला. पुढचे दोन्ही पूल तुमचेच, चौकशीत फक्त एवढंच सांगा, म्हणाला. मी त्याची कॉलर धरली, लोकांनी सोडवलं. चौकशीत मी जे ऐकलं होतं ते सांगितलं. त्यानंतर मला त्या कंपनीचं काम मिळालेलं नाही, आणि चौकशीही अजून संपलेली नाही.

तेराव्याला मंगळवेढ्याकडे गेलो. बिराप्पाची बायको दारात उभी होती. गावात बातमी माझ्याआधी पोचली होती.

"भाऊजी, त्येंनी सोताच्या मनानं काढलं का?"

"न्हाय वहिनी. हुकूम झाला हुता."

ती खाली बसली आणि तेव्हा रडली.

आता त्या पुलावरून ट्रक जातात. गर्डर सगळे आहेत, एकमेकांना जोडलेले, पक्के. फौजेत कामी आलेल्याच्या नावापुढे तो काय करताना गेला ते सांगायची रीत आहे. ती मी इथे पाळतो. नाईक बिराप्पा, पुलाच्या कामावर, ऑर्डर मिळाली, ती मोठ्याने परत म्हटली, आणि बजावताना गेला.