टाकीवरचं मृग नक्षत्र

लालबागला आमच्या चाळीच्या गच्चीवरून आकाश नारिंगीच दिसतं. तरी थंडीत मी तिथे ट्रायपॉड लावतो. कॅमेरा नवा, लेन्स मात्र मामांची, फिल्मच्या काळातली. ते लग्नांचे फोटो काढायचे. त्या लेन्समधून कडेच्या ताऱ्यांना पंख फुटल्यासारखे दिसतात. मला ते आवडतं. एकाच आकाशाचे पुष्कळ फोटो काढायचे, कॉम्प्युटरवर एकावर एक रचायचे, की शहराचा उजेड पुसता येतो आणि तारे वर येतात.

गेल्या थंडीत मृग नक्षत्र रचत होतो. फोटोच्या कोपऱ्यात समोरच्या चाळीची पाण्याची टाकी आली होती, मागे बंद गिरणीची चिमणी. सहज आदल्या वर्षीचा फोटो उघडला. तेव्हा टाकी आणि चिमणीमध्ये आकाशाची फट होती. आता नव्हती. चिमणी सरळ होती, टाकी तिच्याकडे कललेली.

त्या चाळीत माझा शाळेपासूनचा मित्र राहायचा. त्याला दाखवलं.

"अरे, मामांची लेन्स ती. कडेचं सगळं वाकडंच दाखवते," तो हसला.

खोटं नव्हतं ते. म्हणून दुसऱ्या दिवशी अंधार पडताच टाकी मधोमध धरून फोटो काढला. मग नव्या लेन्सने काढला. दोन्हींत तेच. आई मागे येऊन उभी राहिली होती.

"आजच सांग त्यांका," ती म्हणाली. "उद्या नको."

मित्राला घेऊन त्यांच्या गच्चीवर गेलो. टाकीच्या बुडाशी त्याने मोबाइलचा टॉर्च मारला. भेगेत त्याची बोटं मुळापर्यंत गेली. खाली येऊन त्याने दारोदार सांगितलं, घरं रिकामी करा.

"ताऱ्यांचे फोटो बघून घरं सोडायची काय?" चाळीतले एक काका ओरडले. मित्राने त्यांना हाताला धरून वर नेलं. खाली उतरल्यावर त्यांनीच टाकी रिकामी करायला लावली. वरच्या मजल्यावरची बिऱ्हाडं नातेवाइकांकडे गेली.

आठवडाही झाला नसेल. भर दुपारी टाकी गॅलरीसकट खाली आली. धुरळा आमच्या ताटांत पडला. माणूस एकही गेलं नाही.

मित्र आता मागच्या गल्लीत भाड्याने राहतो. त्याच्या खिडकीतून आमची चाळ दिसते. परवा त्याने माझा कॅमेरा मामांच्या लेन्ससकट मागून नेला. आज त्याचा फोन आला.

"काय दिसलं?" मी विचारलं.

"तू ये ना इकडे, मग बोलू," तो म्हणाला. "काकूंना घरी ठेवू नकोस. घेऊनच ये."

मी आईला चपला घालायला सांगितलं.