चौथ्या खेपेला दिलेली गाडी

मुलांनो, एकोणीसशे सत्तरनंतरच्या त्या वर्षांत भिवंडीत मी शिकवत असलेल्या शाळेसमोर एक मिस्त्री जुन्या मोटारसायकलींना मागे फळ्या आणि दोन चाकं जोडून मालगाड्या बनवी. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. गिऱ्हाइकाने कार्बोरेटर स्वतः खोलून पुन्हा जोडला, तरच तो गाडी देई.

एकदा अंजूरचा एक शेतकरी ही जोडणी करताना तिसऱ्यांदा चुकला.

"मिस्त्री, बैल लंगडा झालाय. उद्या भाजी बाजारात न्यायची हाय. आता जाऊ दे ना," तो काकुळतीला आला.

"आनि वाटेत बंद पडली तर? हिला चारा घालशील?" म्हणत मिस्त्रीने पाना पुन्हा त्याच्या हातात दिला.

चौथ्यांदा गाडी फटफटली. शेतकरी तसाच काळ्या हातांनी निघाला.

"बाई, गाडी बंद पडली तरी हा काय आता माझ्या दारात परत येत न्हाय," मिस्त्री म्हणाला. त्याला इतकं खूश मी क्वचितच पाहिलं होतं.